नावांचा बाजार आणि आपली मुले

अकरावी-बारावीची मुले हल्ली मोबाईलवर एक नवीच गोष्ट ऐकून घरी येतात. हजार रुपयांत इंटरनेटवरचे एखादे नाव विकत घ्या, काही महिने दाबून ठेवा आणि लाखाला विका. ना दुकान, ना गोदाम, ना नोकर! घरातल्या वडीलधाऱ्यांना यातले अर्धेच कळते. कुणी म्हणतो, हा शुद्ध जुगार आहे. कुणी म्हणतो, पोराला पाच-दहा हजार देऊन बघू, नशीब फळले तर फळले. पालकसभेला येणारे आई-वडीलही अलीकडे आम्हाला याबद्दल विचारू लागले आहेत. एका घरातला मुलगा तर दोन वर्षांची साठवलेली ईदी यात घालायला निघाला होता.

हा धंदा खोटा नाही. जगात तो गेली तीस वर्षे चालू आहे आणि त्यात काही जणांनी अफाट पैसा मिळवला आहे. पण ज्या रीतीने तो मुलांना सांगितला जातो, ती रीत खरी नाही. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

डोमेन म्हणजे काय?

इंटरनेटला जोडलेल्या संगणकांचे पत्ते आकड्यांत असतात. ते लांबलचक आकडे कुणाच्या लक्षात राहणार? शेजाऱ्याचा फोन नंबर आपल्याला पाठ नसतो, पण मोबाईलमध्ये त्याचे नाव शोधले की नंबर आपोआप लागतो. तशीच सोय इंटरनेटवर केलेली आहे. आपण नाव टाकतो, यंत्रणा त्यामागचा आकडा शोधते आणि आपल्याला त्या पानावर नेऊन सोडते. या नावाला डोमेन म्हणतात. त्याच्या शेवटी डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा आपल्या देशाचे डॉट इन असे शेपूट असते.

ही सारी व्यवस्था सांभाळणारी आयकॅन ही संस्था १९९८ साली अमेरिकेत स्थापन झाली. डॉट कॉमच्या सगळ्या नावांचे मुख्य दप्तर व्हेरिसाइन ही कंपनी ठेवते. डॉट इनचे दप्तर आपल्याकडील निक्सी या संस्थेकडे आहे. आपण यांच्याकडे थेट जात नाही. मधल्या नोंदणी कंपन्यांकडे जातो, पैसे भरतो आणि नाव आपल्या खात्यावर चढते.

इथेच पहिला गैरसमज होतो. 'नाव विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते भाड्याने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे भाडे भरता येते. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही दिवसांच्या सवलतीनंतर ते नाव पुन्हा मोकळे होते आणि कुणीही उचलू शकतो. मुंबईतल्या वाचकांना पागडीची खोली ठाऊक आहे. घर मालकाचे, भाडे दरमहा चालू, तरी भाडेकरू आपला हक्क मोठी रक्कम घेऊन दुसऱ्याला देतो. डोमेनचा व्यापार साधारण तसाच आहे. विकणारा फक्त आपला हक्क पुढे देतो. मूळ भाडे घेणाऱ्याला नव्या भाडेकरूकडून पुढच्या वर्षीही पैसे मिळतातच. सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक डॉट कॉम नावामागे व्हेरिसाइनचा वार्षिक घाऊक दर १०.२६ डॉलर आहे, आणि अशी १५ कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

नावाला किंमत आली कशी?

पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते सिम्बॉलिक्स या अमेरिकन संगणक कंपनीचे होते. पुढची दहा वर्षे नावनोंदणीला पैसेच पडत नव्हते. १९९५ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारायला सुरुवात झाली. त्या काळात बड्या बड्या कंपन्यांनाही या नावांचे मोल कळलेले नव्हते.

१९९४ मधली एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला फार आवडते. जोशुआ क्विटनर नावाच्या अमेरिकन पत्रकाराला आढळले की मॅकडोनाल्ड्स या जगप्रसिद्ध कंपनीने आपले नाव इंटरनेटवर नोंदलेलेच नाही. त्याने कंपनीला फोन करून विचारणा केली. कुणी फारसे लक्ष दिले नाही. मग त्याने ते नाव स्वतःच नोंदवले आणि 'वायर्ड' मासिकात तसे लिहूनही टाकले. कंपनी जागी झाली. नाव परत देताना क्विटनरने स्वतःसाठी काही घेतले नाही. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेला संगणक आणि इंटरनेटच्या सोयीसाठी कंपनीने ३,५०० डॉलर द्यावेत, एवढीच त्याची अट होती. कंपनीने ती पाळली.

पुढच्या लोकांनी मात्र शाळांचा विचार केला नाही. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला विकले गेले. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, तेच नाव ७५ लाख डॉलरला गेले. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरला विकले गेले. मुलांना व्हिडिओत दाखवली जातात ती हीच उदाहरणे, आणि ती खरी आहेत.

पण या नावांकडे नीट पाहा. 'बिझनेस', 'व्हॉइस' हे रोजच्या वापरातले, जगभर कळणारे शब्द आहेत आणि ते फार पूर्वी नोंदले गेले आहेत. साधे शाळेतले गणित करू. इंग्रजीत अक्षरे २६. दोन अक्षरांची नावे किती होतील? २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. तीन अक्षरांची १७,५७६. एवढीच! जगातल्या सगळ्या व्यापाऱ्यांसाठी मिळून एवढीच. ही सगळी डॉट कॉम नावे केव्हाच संपली. शब्दकोशातले सोपे शब्दही संपले. आज एखाद्या मुलाला हजार रुपयांत जे नाव मिळते, ते जगभरच्या जाणकार व्यापाऱ्यांनी पाहून सोडून दिलेले असते. बाजार उठल्यावर टोपलीत उरलेली भाजी आणि सकाळची ताजी भाजी यांचा भाव एक कसा असेल?

दुसऱ्याच्या नावावर डोळा

चांगली नावे मिळत नाहीत असे दिसले की काही जण आडवाट धरतात. एखाद्या नावाजलेल्या कंपनीचे नाव, किंवा त्यातले एक अक्षर बदलून केलेले नाव नोंदवायचे आणि मग त्या कंपनीकडे पैसे मागायचे. मुलांना ही हुशारी वाटते. कायद्याने हा गुन्हेगारीच्या शेजारचा रस्ता आहे.

अमेरिकेत पॅनाव्हिजन या सिनेमा-कॅमेऱ्यांच्या कंपनीचे नाव एकाने आपल्या नावावर नोंदवून १३,००० डॉलर मागितले. १९९८ मध्ये न्यायालयात तो हरला. त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या कंपन्यांची नावे अडवून बसलेल्या व्यापाऱ्यांना फटकारले. १९९९ साली अमेरिकेत यासाठी वेगळा कायदाच झाला. वाईट हेतूने दुसऱ्याचे नाव अडवले तर एका नावामागे १,००० ते १ लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. त्याच वर्षी आयकॅनने तंटे सोडवण्याची जागतिक पद्धत आखली. तिच्यातला पहिला निकाल २००० च्या जानेवारीत लागला. एकाने वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कुस्ती-कंपनीचे नाव नोंदवले आणि तीनच दिवसांनी त्याच कंपनीला ते १,००० डॉलरला देऊ केले. निकाल कंपनीच्या बाजूने गेला.

आपल्याकडे हे चालत नाही असे समजू नये. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ'चा खटला आला. समोरच्याने एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. न्यायालयाने त्याला ते वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डोमेनच्या नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण आहे, आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवता येणार नाही. डॉट इन नावांचे तंटे सोडवण्यासाठीही आपल्या देशात स्वतंत्र पद्धत आहे.

२०२४ मधली जिओहॉटस्टारची गोष्ट अनेकांच्या स्मरणात असेल. दोन बड्या कंपन्या एकत्र येतील असा अंदाज बांधून एका तरुणाने दोघांची नावे जोडून डोमेन नोंदवून ठेवले होते. विलीनीकरण होणार हे ठरल्यावर त्याने कंपनीला जाहीर विनंती केली की आपल्या परदेशातील शिक्षणाचा खर्च द्यावा. देशभर चर्चा झाली. ती मागणी काही पूर्ण झाली नाही. पुढे ते नाव दुबईत राहणाऱ्या दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला मोफत देण्याची तयारी दाखवली. त्या तरुणाची शिकण्याची इच्छा खरी असेल, बुद्धीही तल्लख होती. पण दोन्ही नावे दुसऱ्यांची होती, आणि दुसऱ्याच्या नावावर शिक्षणाचे घर बांधता येत नाही.

घरखर्चाच्या वहीत हा धंदा

समजा मुलाने सरळ मार्ग धरला. कुणाचे नाव चोरले नाही, साध्या शब्दांची ५० नावे घेतली. एका नावाचे वर्षाला कर धरून हजार रुपये पकडू. ५० हजार रुपये गेले. या धंद्यात मुरलेली माणसे सांगतात की त्यांच्याकडच्या शंभर नावांतली वर्षाला एखाद-दोनच विकली जातात. म्हणजे आपल्या मुलाचे एक नाव विकले गेले तर नशीब समजायचे. ते ३० हजारांना गेले असे धरू. ज्या संकेतस्थळावरून विकले, ते पंधरा-वीस टक्के दलाली घेते. २० टक्के धरली तर ६ हजार गेले, हातात आले २४ हजार. वर्षअखेर २६ हजारांचा तोटा. आता दुसरे वर्ष उजाडले. उरलेल्या ४९ नावांचे भाडे पुन्हा ४९ हजार. भरले नाही तर नावे गेली, भरले तर तोटा वाढला. हे आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. पालकांनी मुलाला शेजारी बसवून स्वतःचे आकडे मांडावेत. विकले गेलेल्या एका नावाचा व्हिडिओ निघतो. न विकलेल्या ४९ नावांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

मग कायमचा नफा कुणाला? उरुसात पाळण्यात बसणाऱ्याला मजा येवो की चक्कर येवो, पाळणेवाल्याचे तिकीट आधीच फाटलेले असते. दप्तर ठेवणारी कंपनी, नोंदणी कंपनी, दलाल आणि 'डोमेनमधून करोडपती व्हा' असा वर्ग चालवून फी घेणारा, हे चौघे पाळणेवाले आहेत.

फसवणुकीचेही काही ठरलेले प्रकार आहेत. एक ईमेल येतो: तुमचे नाव मला पाच लाखांना हवे आहे, फक्त अमुक ठिकाणाहून त्याच्या किमतीचे प्रमाणपत्र आणा. मुलगा आनंदाने प्रमाणपत्राचे पाच-सात हजार भरतो. गिऱ्हाईक गायब होते, कारण प्रमाणपत्र देणारा आणि गिऱ्हाईक एकच असतो. दुसरा प्रकार, तुमची मुदत संपत आली म्हणून अनोळखी कंपनीकडून बिल येणे. तिसरा, परदेशात कुणी तुमचे नाव नोंदवत आहे, लगेच पैसे भरा, अशी भीती घालणे. खऱ्या व्यवहारात पैसे एका विश्वासू तिऱ्हाइताकडे ठेवले जातात, नाव खात्यावर चढल्याची खात्री झाली की मगच ते विकणाऱ्याला मिळतात. यात आडकाठी करणाऱ्याशी व्यवहारच करू नये.

जायज आहे का?

आपल्या घरांत हा प्रश्न येतोच, आणि तो यायलाच हवा. फतवा देणे आमचे काम नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या भागातील आलिमांना पूर्ण व्यवहार समजावून विचारावे. एक माहिती मात्र उपयोगी पडेल. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला आहे की व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन, शोध हे त्या त्या मालकाचे हक्क आहेत, त्यांना आजच्या काळात आर्थिक मोल आहे आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. फसवणूक आणि संदिग्धता नसेल तर अशा हक्काचा व्यवहारही होऊ शकतो. म्हणजे हाताला न लागणाऱ्या वस्तूचा व्यवहार हा मुळातला प्रश्न नाही. ते नाव कुणाचे, आणि विकताना आपण खरे बोललो का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. दुसऱ्याच्या मेहनतीने मोठे झालेले नाव अडवून मिळालेल्या पैशात बरकत शोधू नये.

आपण काय करावे?

आमच्या मते या बाजारात आपल्या घरांचे खरे काम विकण्याचे नाही, आपले नाव राखण्याचे आहे. आपल्यातले कितीतरी जण शिवणकाम, बेकरी, अत्तर, मसाले, गॅरेज, मासळी, आंबा अशा धंद्यांत आहेत. तीन पिढ्यांचे नाव गावात आहे, पण इंटरनेटवर ते कुणाच्या हाती आहे याचा पत्ता नाही. वर्षाला हजारभर रुपयांत ते नाव आपल्या ताब्यात राहू शकते. पन्नास नावे घेण्यापेक्षा अब्बांच्या दुकानाचे एक नाव घेणे हा मुलासाठी जास्त चांगला धडा आहे.

ते घेताना चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, नाव घरातल्या माणसाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि फोनवर नोंदवावे. बरेचदा वेबसाइट बनवणारा ते आपल्या खात्यावर नोंदवतो. पुढे त्याच्याशी बिनसले की आपलेच नाव सोडवायला त्याच्या दारात उभे राहावे लागते. आमच्या ओळखीच्या एका मिठाईवाल्या चाचांवर ही वेळ आली. शेवटी त्यांनी नवे नाव घेतले आणि खोक्यांवरची छपाई बदलली.

दुसरी, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका नावाचे भाडे भरायला विसरली आणि लाखो लोकांच्या हॉटमेल सेवेत अडथळा आला. एका अनोळखी प्रोग्रामरने खिशातून ३५ डॉलर भरून ते सुरळीत केले. असा भला माणूस आपल्या वाट्याला येईलच असे नाही.

तिसरी, पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये. पुढच्या वर्षांचा दर आधी विचारावा.

चौथी, आपली भाषा विसरू नये. २०१४ पासून डॉट भारत या शेपटीने देवनागरीत नावे मिळू लागली, त्यात मराठीही आहे. उर्दू लिपीतही भारत हे शेपूट आहे. अजून सगळीकडे इंग्रजी नावाइतके ते चालत नाही, म्हणून मुख्य नाव इंग्रजीत ठेवून जोडीला हे घ्यावे. ज्या मुलांना मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते, त्यांना गल्लीतल्या दुकानदारांसाठी हे काम करून देता येईल. नाव शोधून देणे, नोंदवणे, साधे पान बनवणे, वर्षाला तारीख सांभाळणे. याचे मेहनताने पैसे मिळतात, आणि पहिल्या महिन्यापासून मिळतात.

ज्याला तरीही नावांचा व्यापार करून पाहायचा असेल, त्याने शिक्षण सांभाळून, गेले तरी घराला झळ लागणार नाही एवढ्याच पैशांत, दोन-तीन नावांपासून सुरुवात करावी. उसनवारी, आईचे दागिने, कॉलेजची फी यांना हात लावू नये. प्रत्येक नाव घेण्यापूर्वी ते कुणाचे व्यापारचिन्ह तर नाही ना, हे सरकारच्या व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधावे. तिथे शोध मोफत घेता येतो. नफा झाला तर आयकराच्या विवरणात दाखवावा.

आणि एक काम या महिन्यातच करावे. मुलांना शेजारी बसवून आपल्या दुकानाचे, संस्थेचे, मदरशाचे किंवा शाळेचे नाव इंटरनेटवर शोधून पाहावे. मोकळे असेल तर नोंदवावे. आधीच घेतलेले असेल तर ते कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे वहीत लिहून ठेवावे.